गालबोट

कन्ना चौकात, झेरॉक्सच्या वर माझं दुकान.
दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक कूलर
आणि भिंतीला टांगलेलं निळं कापड,
ज्याच्यापुढं मी अकरा वर्षं सोलापूरची पोरं बसवतोय.

पोरं घामेजून येतात, रडून येतात,
कुणाच्या नाकाखाली वाळलेला शेंबूड,
कुणाच्या कपाळावर उंबरठ्याची खोक.
मी त्यांना धुऊन देतो.
त्रेचाळीस अंशाचं ऊन गालांवरनं उतरवतो,
पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात
एकेकाला धबधब्यापाशी नेऊन ठेवतो.
पंख लागले तर पंख.
चंद्राचा झोका हवा असेल तर वीस रुपये जास्त.

आईबाप खुर्चीमागं उभे राहतात.
अजून थोडी उजळ करा की ओ.
उजळ करायला काही लागत नाही,
एक पट्टी उजवीकडं सरकवायची.
कुठं थांबायचं ते पट्टीला माहीत नसतं.
लग्नसराईत मलाही नसतं.

मार्चमध्ये नर्मदा कुडक्याल आली, विडी घरकुलातनं.
बोटांना तंबाखूचा वास, कडेवर सहस्रा.
पहिला वाढदिवस, सहा बाय चारचा फ्लेक्स.
पोर हसली नाही. सरळ बघत राहिली,
गिरणीच्या गेटवरच्या वॉचमनसारखी.

मी नेहमीचं केलं.
डाग टिपणारा ब्रश घेतला,
मच्छर पुसला, घामोळं पुसलं,
आणि डाव्या गालावरची काजळाची तीट.
ब्रशला काय कळतंय, त्याला तो डागच.
शेजारची कातडी उचलून त्यानं जागा भरून टाकली.

'ओ, हे काय करलालाव?
दिष्टीचुक्का कुठं गेला?'

म्हटलं, ताई, फोटोला कुणाची दृष्ट लागतीय?

ती म्हणाली, घरात हिला चार माणसं बघतात.
तिथं रस्ताभर बघतील.

गालबोट मला पेपरातनं ठाऊक:
मिरवणुकीला लागतं, सामन्याला लागतं, दगड आला की लागतं.
ते कुणी मुद्दाम, रोज आंघोळीनंतर,
करंगळीनं लावतं, हे मी विसरलोच होतो.
अकरा वर्षांत किती पुसल्या असतील?
दिवसाला चार धरल्या तरी
एक अख्खी काजळाची डबी होते, जास्तच.

माझाही एक फोटो आहे, इरण्णा मास्तरांनी काढलेला,
कॉम्प्युटर यायच्या आधीचा.
कोट स्टुडिओचा. गालांवर कापसानं लावलेला गुलाबी.
अनवाणी गेलो होतो, तर मास्तरांनी
बारीक ब्रशनं बूट काढून दिले, नाड्यांसकट.
आई मरेस्तोवर लोकांना सांगायची,
याला लहानपणी बूट होते.
मलाही कधी कधी ते चावल्याचं आठवतं.

मागं घ्यायची कळ चालेना, फाइल बंद करून झालेली.
नव्यानं काढावी लागली. काळा रंग, कडा मऊ.
'एवढं गोल नको. टिकली आहे का ती?'
मी वाकडी केली.
'अजून खाली.'
मी खाली नेली.
'हितं,' म्हणून तिनं स्क्रीनवरच बोट टेकवलं,
आणि सहस्रानं पहिल्यांदा
आपल्या एवढ्या मोठ्या तोंडाकडं बघून
आईच्या पदरात तोंड लपवलं.

पैसे सुट्टे दिले, दहा-दहाच्या नाण्यांत.
स्क्रीनवर तिच्या बोटाचा ठसा राहिला, तपकिरी.
फडकं हाताशीच होतं.
दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांचं पोर आलं,
फोटो मोठा केला तर ठसा बरोबर त्याच्या हनुवटीवर.
फडकं अजून हाताशीच आहे.

त्या रात्री साडेनऊला फ्लेक्सवाल्याचा फोन आला.
गालावर एक डाग राहिलाय बघ, काढू का?
फुकट करतो, म्हणाला.
म्हटलं, तिची आई सकाळी सहाला येईल न्यायला.
तूच विचार तिला.